अंबुलकर सरांची शोकसभा

“निचत, तुझ्या चेहऱ्यावर काही म्हणून दिसत नाही. हा गुण वाया घालवू नकोस,” अंबुलकर सर म्हणाले आणि त्यांनी मला स्टुलावर चढवून भिंतीवरचा त्यांचाच फोटो खाली काढायला लावला.

फोटो कुठल्याशा परिषदेतला होता. सरांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला, हात लांब करून पाहिला, मग माझ्याकडे वळवला.

“हार घातल्यावर बरा दिसेल?”

“दिसेल सर,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी वऱ्हाडातल्या एका विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. अंबुलकर सर आमचे विभागप्रमुख. माणूस अत्यंत अबोल. वर्गात शिकवायचे तेवढं बोलायचे आणि घंटा झाली की वाक्य अर्ध्यावर असलं तरी मिटायचे. कोणत्या स्वभावाच्या विद्यार्थ्याला सुखदुःख किती तीव्र वाटतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी त्यांनी आमच्याकडून प्रश्नावल्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे भरून घेतले होते. अमुक प्रसंगी तुम्हाला किती वाईट वाटेल? अजिबात नाही, थोडेसे, बरेच, अतिशय. पोरांचा समज असा की याला गुण आहेत. त्यामुळे जो तो अतिशयवर खूण करून मोकळा. आप्ताचा मृत्यू, अतिशय. मित्राशी भांडण, अतिशय. मेसची भाजी खारट, अतिशय.

मी तेवढा प्रत्येक ठिकाणी ‘थोडेसे’वर खूण करत होतो. आमच्या घरी थोडंसं हेच पुष्कळ होतं. माझा थोरला भाऊ पलटणीतून कितीतरी वर्षांनी सुटीवर आला, तेव्हा बाबा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली, “आला का? पाय धू,” म्हणाले आणि गोठ्यात गेले ते बऱ्याच वेळानं बाहेर आले. आमच्या हिशेबी तो सोहळाच होता. पण सरांच्या तक्त्यात अशा सोहळ्याला रकाना नव्हता. माझ्या नावापुढे लागलं, ‘अंतर्मुख. भावनेची तीव्रता नगण्य.’ विभागातल्या पोरांनी माझं नाव दगड ठेवलं. मला वाईट वाटलं. थोडंसं.

तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला प्रफुल्ल धांडे. बोलका, नाटकात काम करणारा, ओळख नसलेल्या माणसाच्या वरातीत नाचणारा. त्याची तीव्रता तक्त्यात मावत नव्हती. एकूण निष्कर्ष असा निघत होता की जो जास्त बोलतो त्याला जास्त वाटतं आणि जो गप्प असतो त्याच्या आत फारसं काही नसतंच.

आता या विषयामागे काय होतं, ते सगळ्या विभागाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्याच्या दोनेक वर्षं आधी सरांच्या पत्नी, मालतीकाकू, वारल्या. सर रडले नाहीत. अगदी एक टिपूस नाही. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, माणूस आहे की लाकूड? हे फिरत फिरत सरांच्या कानावर गेलं. दुसरा कोणी असता तर भांडला असता, नाहीतर मनाला लावून घेऊन झुरला असता. सर पडले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी विषय हाती घेतला. ज्याला रडू येत नाही त्याला मुळात वाटतंच कमी का, हे त्यांना शास्त्रानं ठरवून हवं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर आपलं बायकोवर प्रेम नव्हतं, हे मान्य करायची त्यांची तयारी होती. गठ्ठ्यांमागून गठ्ठे ‘हो’ म्हणत होते. आणि त्या उन्हाळ्यात सर निवृत्त होणार होते.

“प्रश्नावलीत सगळे खोटं लिहितात,” फोटो टेबलावर ठेवत सर म्हणाले. “खरं दुःख समोर ठेवायचं आणि काय होतं ते डोळ्यांनी बघायचं. हा शेवटचा प्रयोग.”

“कोणाचं दुःख, सर?” कुमुद गावंडेनं विचारलं. ती सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती आणि विभागात जे काही वेळेवर व्हायचं ते तिच्यामुळे व्हायचं.

“माझ्या मरणाचं. उद्या मी वारलो आहे. अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो, तिथे हृदयविकाराचा झटका आला. अंत्यविधी तिकडेच उरकला. दुपारी विभागातर्फे शोकसभा.”

कुमुदनं पदर सावरला. “सर, काहीतरी अभद्र बोलू नका.”

“शास्त्रात अभद्र नसतं.”

“परवानगी नको घ्यायला?”

“मेलेल्या माणसाला परवानगी लागत नाही,” सर म्हणाले. आज असं काही करायला गेलं तर समित्या बसतील. तेव्हा आमच्याकडे समित्या फक्त स्नेहसंमेलनाला बसत.

कामं वाटली गेली. बातमी मी सांगायची, कारण माझ्या तोंडावरून खरं-खोटं ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. सभेत फोटोशेजारी उभं राहून उदबत्त्या विझू न देणं हेही माझ्याकडे. कुमुदनं खिडकीपाशी बसून नोंदी करायच्या. डोळे पाणावले, आवाज कापरा झाला, हुंदका, हंबरडा, असे रकाने सरांनी आखून दिले होते. हंबरडा किती वेळ चालला तेही लिहायचं होतं. शेवटी एक रकाना आनंदाचा होता. सर जिवंत आहेत हे कळल्यावर कोणाला किती आनंद होतो, ते त्यात येणार होतं. तो रकाना सरांनी जरा रुंद आखला होता.

आणि सर स्वतः सभागृहाच्या मंचावरच्या पडद्यामागे खुर्ची टाकून बसणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्ल मला सायकल स्टँडवर भेटला.

“प्रफुल्ल, सर वारले,” मी म्हणालो.

“कोन सर?”

“आपले. अंबुलकर सर. काल अकोल्याले.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “अबे, असं सांगतेत का? भाजी संपली सांगतल्यावानी?” मग त्यानं सायकल सोडून दिली, दोन्ही हातांनी डोकं धरलं, ‘अरे देवा’ म्हणत खाली बसला, लगेच उठला आणि धावत सुटला. मला वाटलं, बिचारा कुठे कोपऱ्यात जाऊन रडत असेल. तो थेट कुलसचिवांच्या कार्यालयात गेला होता.

सरांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त विद्यापीठाच्या रिवाजाचा केला नव्हता. आमच्याकडे प्राध्यापक वारला की दुपारचे तास बंद. त्यासाठी कुलसचिवांना शोकसभेत भाषण करावं लागतं आणि सुटी सभा संपल्यावर सुरू होते, म्हणजे सभेला माणसं राहतात. दुपारपर्यंत फळ्याफळ्यावर खडूनं सूचना लागली. मानसशास्त्राचे आम्ही मूठभर, आणि सभागृहात बघावं तर रसायनशास्त्र, इतिहास, वनस्पतिशास्त्र, बसायला जागा नाही. यातल्या अर्ध्यांनी सरांना जन्मात पाहिलं नव्हतं. मागच्या रांगांमध्ये मॅटिनीला कोण कोण येणार याची विचारपूस चालली होती.

मी पडद्यामागे गेलो. सर पाण्याचा तांब्या पायाशी ठेवून ताठ बसले होते. अंगात परीटघडीचा सदरा. स्वतःच्या शोकसभेसाठी ते नीट तयार होऊन आले होते.

“सर, कुलसचिव राऊतसाहेब येतायत. सगळं विद्यापीठ जमलंय. धांडेनं सांगितलं जाऊन.”

“राऊत?” सरांच्या कपाळाला आठी पडली. “त्याला काय वाटणार आहे? बरं, येऊ दे. त्याचीही नोंद घ्या.”

“थांबवायचं का, सर?”

“आता कसं थांबवणार? मी गेलोय,” सर म्हणाले.

सभा सुरू झाली. राऊतसाहेब उभे राहिले, त्यांनी चष्मा लावला आणि काळानं घाला घातला इथपासून सुरुवात केली. महिन्याभरापूर्वी वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक वारले होते. साहेबांनी भाषण तेच आणलं असावं, कारण “अंबुलकरांच्या जाण्यानं शेवाळांच्या अभ्यासात पोकळी निर्माण झाली आहे,” असं ते म्हणाले. कोणाच्याही लक्षात आलं नाही. पडद्यामागून तेवढा खाकरल्याचा आवाज आला. मी मोठ्यानं खोकलो आणि उदबत्ती सारखी केल्यासारखं केलं.

मग प्रफुल्ल बोलला. सर आपल्याला कसे पोरासारखे वागवत, आपल्या नाटकाला कसे आले होते, त्या नाटकात आपली भूमिका काय होती, शेवटच्या अंकात प्रेक्षक कसे रडले होते. आवाज असा कापरा की ऐकत राहावा. डोळे मात्र कोरडे ठणठणीत. पुढच्या रांगेतल्या मुली ओढणीच्या टोकानं डोळे टिपत होत्या, पण टिपायला आत काही नव्हतं. कुमुदनं खिडकीजवळून माझ्याकडे पाहिलं. तिचे रकाने रिकामे होते.

माझी जागा मंचाच्या कडेला होती. तिथून पडद्याच्या फटीतून मला सर दिसत होते. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तसे गुडघे जुळवून बसलेले. एकेक भाषण संपत होतं तसे ते खुर्चीवर जरा जरा पुढे सरकत होते. एक हात कानामागे. शेवटी शेवटी तर खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते.

“आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या,” राऊतसाहेब म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. मागची मॅटिनीही गप्प झाली. मी सहज डावीकडे, पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. काय दिसलं ते पुढे येईलच. माझ्या नाकात काहीतरी चुरचुरलं, आणि जुन्या विहिरीवरचा रहाट कुरकुरतो तसा एक आवाज मला ऐकू आला. तो माझाच होता. मी तोंड दाबून पाहिलं. उपयोग झाला नाही. आयुष्यात कधी न वापरलेली वस्तू एकदम चालू व्हावी आणि ती बंद कुठून करायची हे माहीत नसावं, तसं झालं. सर जिवंत आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. ते माझ्यापासून चार हातांवर होते. तरी मी फोटोशेजारी उभा राहून ढसाढसा रडत होतो.

“अबे,” शांततेत प्रफुल्लचा आवाज आला, “दगड रडून राहिला.”

एवढं पुरे झालं. दगड रडतोय म्हणजे सर खरोखरच गेले, हे त्या क्षणी सगळ्यांना पटलं असावं. प्रफुल्लनं असा हंबरडा फोडला की नाटकात त्याला तो कधी जमला नव्हता. मानसशास्त्राच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. इतिहासवाले रडायला लागले. वनस्पतिशास्त्रातली एक मुलगी, जिनं सरांचा फोटो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता, ती आवरता आवरेना. राऊतसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. कुमुद लिहीत होती आणि लिहिता लिहिता तिच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. दोन मिनिटं कधीच संपली होती, खाली बसायचं कोणाला सुचत नव्हतं.

आणि पडदा बाजूला सारून अंबुलकर सर बाहेर आले.

“कोणी हलू नका,” ते म्हणाले. “आहात तसेच राहा. कुमुद, मागच्या दोन रांगा राहिल्यात, त्या घे.”

पहिल्यांदा किंचाळलं कोण, ते मला सांगता येणार नाही. एक मुलगी मटकन खाली बसली. राऊतसाहेबांनी आधाराला टेबल धरलं, त्यासरशी फोटो पालथा पडला. सरांनी तो उचलून पुन्हा उभा केला, हार सारखा केला आणि माइकपाशी गेले.

“मी वारलेलो नाही. हा संशोधनाचा भाग होता. सहकार्याबद्दल आभार.”

सर वाट बघत होते. आता आनंद होणार होता आणि कुमुद रुंद रकान्यावर पेन टेकवून बसली होती.

मागच्या रांगेतून प्रश्न आला, “मंग सुटीचं काय?”

मग जे झालं त्याची तीव्रता सगळ्या प्रयोगात सर्वांत जास्त होती, असं कुमुद नंतर म्हणाली, पण त्यासाठी रकाना नव्हता. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. सुटी रद्द झाली तर बघून घेऊ, अशी घोषणा झाली. राऊतसाहेब लालबुंद झाले होते.

“अंबुलकर, निदान कळवायचं तरी. सही करून आदेश काढलाय मी. आता तुम्ही जिवंत निघालात, तर सुटी कशाच्या आधारावर दिली म्हणून लिहू?”

“चुकलं,” सर म्हणाले.

साहेबांनी थोडा विचार केला. “असं करू. आज सुटी राहू द्या. आता आदेश फिरवला तर दंगा होईल. तुम्ही जिवंत असल्याची सूचना उद्या काढतो. तोपर्यंत विभागात फिरकू नका.” आणि ते निघून गेले.

सभागृह बघता बघता रिकामं झालं. प्रफुल्ल तेवढा थांबला होता. त्यानं वाकून सरांच्या पायाला हात लावला. डोळे सुजलेले.

“सर, म्या खरंच रडलो जी.”

“हो, तुझी नोंद झाली आहे,” सर म्हणाले.

“नोंद गेली चुलीत,” प्रफुल्ल म्हणाला आणि वळून न बघता गेला.

आता आम्ही तिघंच उरलो. सरांनी कुमुदचे कागद घेतले आणि उभ्या उभ्या वाचायला लागले.

“धांडे, हंबरडा. दीर्घ. बोलकी मुलं सगळी रडली. म्हणजे सिद्ध झालं.” त्यांनी कागद नीट जुळवले. “ज्याच्या आत असतं, ते बाहेर येतंच. माझ्या बाबतीत लोक म्हणत होते ते बरोबर होतं.”

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, जणू दुसऱ्या कोणाचा निकाल वाचून दाखवत होते. मी मान खाली घालून उदबत्तीची राख गोळा करायला लागलो.

बोलली ती कुमुद. “सर, हे सगळं बाद आहे.”

“का?”

“आधी कोणीच रडत नव्हतं. बोलके नाहीत आणि अबोलही नाहीत. सगळ्यात आधी रडला हा.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “बाकीचे याला बघून रडले. मीसुद्धा.”

सर माझ्याकडे वळले. मी अजून राखच गोळा करत होतो.

“निचत? पण याला तर माहीत होतं.”

“मला पण माहीत होतं, सर,” कुमुद म्हणाली.

“पण तू तर...” मला काय म्हणावं ते सरांना सापडेना. बहुधा ‘नगण्य’ म्हणायचं असावं. “मी जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं. मग रडलास कशाला?”

“तुम्हाला पाहिलं, सर.”

“मला?”

“फटीतून. सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले, तेव्हा तुम्ही पण आत उभे राहिला होतात. हात जोडून, खाली मान घालून. एकटेच.” माझं एवढं लांब बोलणं मलाच नवीन होतं. “तुम्हाला तर उभं राहायची गरज नव्हती.”

सरांनी हातातले कागद फोटोपाशी ठेवून दिले.

“ते माझ्यासाठी नव्हतं,” ते म्हणाले. “मालतीसाठी होतं. तिची शोकसभा कोण घेणार? ती कुठे प्राध्यापक होती? सगळे उभे राहिलेच आहेत, तर म्हटलं, दोन मिनिटं तिच्या नावानं.”

कुमुदनं तोंड फिरवून खिडकी लावायला घेतली. ती आधीपासून लावलेलीच होती.

“ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं,” सर सांगू लागले. “सगळे रडत होते. ऊन फार होतं. मी सगळ्यांना पाणी दिलं, मग चहा केला. लोक येतच होते. कप धुवायचे, पुन्हा आधण ठेवायचं. साखर संपली, ती आणायला गेलो. तिला बाहेर नेईपर्यंत मी ओट्यापाशीच होतो. नंतर दिवस झाले, कार्य झालं, माणसं गेली. मग विद्यापीठ सुरू झालं.” ते थांबले. “निचत, मला बसायला वेळच मिळाला नाही रे.”

“मग आता बसा, सर,” मी म्हणालो.

त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. ते मंचावरून सावकाश उतरले, पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची सोडून दुसरी धरली आणि बसले. कडेची रिकामीच ठेवली. कुमुद कागद घेऊन आवाज न करता निघून गेली.

“तुम्हाला चहा आणतो,” मी म्हणालो.

सरांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि मी तो बघायलाही गेलो नाही. दार हळूच ओढून घेतलं. कॅन्टीन तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी ग्रंथालयाला वळसा घालून, मैदानाच्या पलीकडून, लांबच्या वाटेनं गेलो.